आधी पाणी बघा, मग हद्द

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमचं गाव निपाणी तालुक्यात, दूधगंगेच्या काठाला. कागल आणि कोगनोळीच्या मध्ये रात्री डिझेलचा टँकर कलंडला. पोरांनी ११२ लावला, तर एकानं "हे पलीकडं येतंय" म्हणून सांगितलं, पलीकडच्यानं "अलीकडं". पाऊण तास त्यातच गेला. तोवर डिझेल मोरीतून ओढ्याला लागलं आणि निम्मं गाव कॅन घेऊन रस्त्यावर उतरलं. तुम्ही विचारताय की अशा वेळी जबाबदारी कुणाची, दोन राज्यांत काही ठरलेलं असतं का, आणि ग्रामपंचायतीच्या हातात काही आहे का.

मी २६ वर्षं साखर कारखाने आणि डिस्टिलरीत सेफ्टी ऑफिसर म्हणून काढली, निम्मी घटप्रभेच्या बाजूला आणि निम्मी कागल पट्ट्यात. दोन्हीकडच्या क्रायसिस ग्रुपच्या, म्हणजे रासायनिक अपघातासाठीच्या समित्यांच्या, बैठकांना चहा प्यायलोय. त्यावरून सांगतो. तुमचा पहिला प्रश्न, जबाबदारी कुणाची, हा खरा प्रश्नच नाही. त्याचं उत्तर सोपं आहे आणि पहिल्या दोन तासांत ते काही उपयोगाचं नाही. खरा प्रश्न असा की ओढ्याला लागलेलं ते डिझेल किती वाजता कुठं पोचणार होतं, आणि तिथल्या माणसाला कुणी कळवलं का.

तरी जबाबदारीचं उरकून टाकू. ज्या राज्याच्या जमिनीवर अपघात, त्या राज्याचे पोलीस, तिथला अग्निशमन बंब, तिथलं प्रदूषण नियंत्रण मंडळ. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणं ड्रायव्हरनं जवळच्या पोलीस ठाण्याला कळवायचं असतं, गाडीत ट्रेम कार्ड (मालाचा धोका आणि अपघातात काय करायचं ते सांगणारं कार्ड) ठेवायचं असतं, टँकरवर माहितीचा फलक लावायचा असतो. नुकसानभरपाईला १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा आहे, अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडं, म्हणजे आपल्या भाषेत डीसी ऑफिसला. हद्दीची गंमत इथून सुरू होते. समजा टँकर कर्नाटकात उलटला आणि मासे मेले महाराष्ट्रात, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात जायचं म्हटलं की महाराष्ट्राचं पीठ पुण्याला आणि कर्नाटकाचं चेन्नईला. निपाणीच्या माणसाला पुणं जवळ, पण त्याचा कागद मद्रासला जातो. असो. हे सगळं नंतरचं.

११२ चा घोळ का होतो ते आधी समजून घ्या, कारण तो कुणाच्या आडमुठेपणामुळं होत नाही. फोन ज्या टॉवरला लागतो त्या राज्याच्या कंट्रोल रूमला जातो. तुम्ही कोगनोळीत उभे असाल आणि मोबाईल कागलकडच्या टॉवरला लागला असेल, तर उचलणारा माणूस महाराष्ट्रातला. त्यानं गावाचं नाव ऐकलं की त्याच्या यादीत ते नसतं. म्हणून हायवेवर असाल तर गावाचं नाव नंतर सांगा, आधी किलोमीटरचा दगड आणि बाजू सांगा, "बेळगावकडं जाणारी लेन" किंवा "कोल्हापूरकडं जाणारी लेन". आणि दुसऱ्या फोनवरून १०३३ लावा. हा राष्ट्रीय महामार्गाचा नंबर आहे, त्यांना राज्याच्या हद्दीशी देणंघेणं नसतं, त्यांना रस्ता मोकळा करायचा असतो, क्रेन आणायची असते. एकाच फोनवर एकाच माणसाशी हुज्जत घालण्यापेक्षा दोन माणसांनी दोन नंबर लावलेले बरे.

आता पाण्याकडं येतो. आपल्या भागाचा नकाशा राजकारण्यांनी काढला, उतार देवानं काढला, आणि दोन्ही एकमेकांना विचारून काढलेले नाहीत. वेदगंगा, दूधगंगा, हिरण्यकेशी या सगळ्या महाराष्ट्रातल्या डोंगरात उगम पावून आपल्याकडं येतात. म्हणून बेळगाव जिल्ह्यात सगळ्यांचा समज असा की घाण तिकडून येते आणि आपण भोगतो. पण तुमचीच नदी बघा. भोजजवळ वेदगंगा दूधगंगेला मिळते, आणि पुढं मलिकवाड कर्नाटकात तर समोरच्या काठाला दत्तवाड महाराष्ट्रात. म्हणजे निपाणी तालुक्यात सांडलेलं डिझेल शिरोळ तालुक्यातल्या माणसाच्या मोटरीत जातं. आणि तेच पाणी पुढं कृष्णेला मिळून कल्लोळ-येडूरला पुन्हा कर्नाटकात. खानापूरच्या बाजूला याहून वेगळं. कणकुंबीला मलप्रभेचा उगम. त्या रस्त्यावर टँकर उलटला तर थोड्या अंतराच्या फरकानं माल एकतर मलप्रभेला लागतो, नाहीतर चोर्ल्याच्या उतारानं गोव्यात सत्तरीकडं. तिथं पहिला फोन कुठं करायचा हे टँकर कुठं पडला यावर नाही, पाणी कुठल्या बाजूला वाहतंय यावर ठरतं.

मी नव्या पोरांना एवढंच सांगायचो: ज्याच्या हद्दीत टँकर, त्याचा पंचनामा. ज्याच्या दिशेला पाणी, त्याला पहिला फोन.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. एका कारखान्यात मी कामाला असताना मळीच्या (मोलॅसिसच्या) टाकीचा व्हॉल्व्ह रात्री निकामी झाला आणि सुमारे वीस टन मळी नाल्यातून नदीत गेली. मळी विषारी नसते, लोक म्हणाले जाऊ दे. आम्ही नियमाप्रमाणं सगळं केलं. रात्रीच्या रात्री आमच्या बाजूच्या प्रदूषण मंडळाला, तहसीलदारांना, डीसी ऑफिसला कळवलं, वेळेसकट नोंदी ठेवल्या. सकाळी नदी बघायला गेलो तर पाणी स्वच्छ दिसत होतं. मळी पाण्यापेक्षा जड, साधारण दीडपट, ती तळानं सरकत जाते आणि वरून काही कळत नाही. पुढं तीन-चार किलोमीटरवर पलीकडच्या काठाला एक गाव, दुसऱ्या राज्यातलं. तिथं नळाला रांग लागलेली. एका बाईनं भरलेली घागर दगडावर ओतली आणि म्हणाली, "काकवीचा वास येतोय." रात्रभर त्यांची मोटर चालू होती. जॅकवेलमधून, म्हणजे नदीचं पाणी उपसायच्या विहिरीतून, सगळं वरच्या टाकीत. तिसऱ्या दिवशी मासे तोंड वर काढून मरायला लागले, कारण मळी कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते.

गावातला वॉटरमन मला म्हणाला, "साहेब, एक फोन केला असता तर मोटर बंद केली असती." त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. आणि खरी लाज वाटली ती नंतर. आमच्या गेटवरचा वॉचमन त्याचा मेहुणा निघाला. त्याच्या मोबाईलमध्ये नंबर होता. आमच्या इमर्जन्सी प्लॅनमध्ये बंगळूरपर्यंतचे नंबर होते, पण समोरच्या काठाचा एकही नव्हता.

तेव्हापासून मी प्लॅन उघडला की आधी नदीचा नकाशा काढतो. आणि आपल्याकडं त्या नकाशाला एक गोष्ट फार उपयोगी पडते, ती म्हणजे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. जत्राट-भिवशी, अकोळ-सिदनाळ, मलिकवाड-दत्तवाड ही नावं आपण पुराच्या बातम्यांत "पुलावर पाणी" म्हणून वाचतो. पण पावसाळा संपला की त्याच पुलांच्या खांबांमध्ये बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, बसतात आणि पाणी अडतं. सांडलेल्या मालाच्या दृष्टीनं हा तयार दरवाजा आहे. कसा वापरायचा ते मात्र माल कुठला यावर अवलंबून.

डिझेल, पेट्रोल, फर्नेस ऑइल तरंगतं. बंधाऱ्याचे सगळे बरगे घातलेले असतील आणि पाणी वरून सांडत असेल, तर पहिला पुढं जातो तो तेलाचा थर. म्हणून तेलासाठी उलटं करायचं: वरचे बरगे ठेवायचे आणि पाणी खालून जाईल अशी वाट द्यायची. खालचा बरगा काढणं हे रात्रीच्या अंधारात, दाबाखाली, जीवघेणं काम आहे, ते बंधाऱ्यावरच्या माणसानं आणि पाटबंधारेच्या लोकांनीच करायचं. इथेनॉल, स्पिरिट, आम्ल यांचं वेगळं. ती पाण्यात मिसळतात, वरखाली काही उरत नाही. तिथं प्रश्न एवढाच की अडवायचं की वाहून जाऊ द्यायचं. अडवलं तर त्या डोहावरच्या सगळ्या मोटरी बंद ठेवाव्या लागतात. सोडलं तर पुढच्या गावाला जातं. दूधगंगेवर काळम्मावाडी धरण वरच्या अंगाला आहे, त्यातून जादा पाणी सोडून विरळ करणं हाही मार्ग असतो, पण ते पाणी सोडणारा हात महाराष्ट्राचा आणि पिणारं तोंड दोन्ही राज्यांचं. पावसाळ्यात तर बरगेच काढून ठेवलेले असतात. तेव्हा अडवायचा विषय संपला, फक्त फोन उरतो. म्हणून ऋतू, माल आणि बरगे या तीन गोष्टी कळल्याशिवाय मी कुणालाही "असंच करा" म्हणून सांगत नाही.

माल कुठला हे कसं कळणार? टँकरच्या मागं आणि बाजूला फलक असतो. त्यावर चार आकडी नंबर: १२०३ म्हणजे पेट्रोल, १२०२ डिझेल, ११७० इथेनॉल, १८३० गंधकाम्ल, १००५ अमोनिया, १०७५ एलपीजी. लांबून मोबाईलनं फोटो काढा आणि तोच पाठवा, तोंडी सांगू नका. नंबरच्या वरच्या बाजूला एक छोटा कोड असतो, हॅझकेम म्हणतात, लंडनच्या अग्निशमन दलानं काढलेला. पेट्रोलवर ३ वाय ई असतं. पहिला आकडा विझवायला काय वापरायचं ते सांगतो, ३ म्हणजे फोम. मधलं अक्षर पी, आर, एस, टी यांपैकी असेल तर माल भरपूर पाण्यानं विरळ करता येतो. डब्ल्यू, एक्स, वाय, झेड असेल तर अडवायचाच, गटारात जाऊ द्यायचा नाही. शेवटी ई असेल तर आजूबाजूची माणसं हलवायचा विचार करायचा. गंधकाम्लाच्या कोडात पी आहे, म्हणून काही जण होज लावून आम्ल सरळ ओढ्यात ढकलतात. कोडात चूक नाही, पण कोड लिहिणाऱ्याला पुढं दीड किलोमीटरवर तुमची जॅकवेल आहे हे माहीत नव्हतं.

इथेनॉलबद्दल थोडं सविस्तर, कारण आपल्या पट्ट्यात आता तेच जास्त धावतं. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं लक्ष्य २०२५ मध्ये गाठलं गेलं आणि हंगामात आपल्या कारखान्यांतून निघणारे टँकर तुम्ही बघताच. इथेनॉलची आग दिवसा जवळजवळ दिसत नाही. ज्वाळा दिसत नाही म्हणून माणूस जवळ जातो आणि भाजतो. दुसरं, साधा फोम त्यावर टिकत नाही, अल्कोहोल तो फोम खाऊन टाकतं. त्याला वेगळा, अल्कोहोलला टिकणारा फोम लागतो. कोडात आकड्याच्या आधी ठिपका असतो त्याचा अर्थ हाच. आता विचार करा, तालुक्याच्या बंबात तो फोम असेलच असं नाही, पण डिस्टिलरीत असतो, कारण तिथं ठेवावाच लागतो. आणि हंगामात निपाणीपासून सगळ्यात जवळची डिस्टिलरी कदाचित पलीकडच्या राज्यात असेल. बंब मागवताना "फोम कुठला आहे" हा प्रश्न विचारणारा माणूस लागतो. निपाणीहून बेळगाव सुमारे ७५ किलोमीटर, कोल्हापूर सुमारे ४०. मधे कागलची एमआयडीसी. रात्री दोन वाजता मदत कुठून लवकर येईल हे सांगायला तज्ज्ञ नको.

मग ती येत का नाही? कारण २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात जिल्हाधिकाऱ्याला हुकूम द्यायची ताकद आहे, पण ती त्याच्या जिल्ह्यापुरती. बेळगावचे डीसी कागलच्या बंबाला आदेश देऊ शकत नाहीत. विनंती मात्र करू शकतात. विनंती ही गोष्ट रात्री दोनला अनोळखी माणसाला केली की फाईल होते, ओळखीच्या माणसाला केली की बंब निघतो. माझ्या नोकरीत मी पलीकडचा बंब चार वेळा आलेला पाहिला. चारही वेळा तो कारखान्याच्या सेफ्टी ऑफिसरनं दुसऱ्या कारखान्याच्या सेफ्टी ऑफिसरला फोन केल्यावर आला, आणि कागद दुसऱ्या दिवशी झाले. याला इंडस्ट्रीत म्युच्युअल एड म्हणतात आणि ती लेखी असते, की माझ्याकडं आग लागली तर तू इतका फोम देशील, मी तुला परत भरून देईन, तुझ्या माणसाचा विमा माझा. हाच करार राज्याच्या हद्दीपलीकडच्या कारखान्याशी करायला कायद्यात कुठंही बंदी नाही.

मग सरकारी पातळीवर दोन राज्यांत काही नाहीच का? आहे, पण वेगळ्या नावानं आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत यमगर्णीला हायवेवर पाणी आलं, वाहतूक बंद पडली. पुराच्या काळात आलमट्टीतून किती सोडताय, कोयनेतून किती येतंय, हे दोन्हीकडचे इंजिनिअर एकमेकांना कळवतात. उन्हाळ्यात कृष्णेला पाणी सोडा म्हणून इकडून तिकडं विनंती जाते. दूधगंगा प्रकल्पच मुळात दोन्ही राज्यांचा. म्हणजे नदीवरच्या माणसांची साखळी तयार आहे. फक्त ती पाणी किती येतंय यासाठी वापरली जाते, पाण्यात काय येतंय यासाठी नाही. वेगळी समिती, वेगळा लोगो, वेगळं उद्घाटन यापेक्षा त्याच साखळीत एक वाक्य वाढवणं सोपं: नदीत तेल किंवा रसायन लागल्याचं कळलं की पूर कळवता तसंच हेही कळवा.

कागदावर आणखीही आहे. १९७४ च्या जल कायद्याच्या तेराव्या कलमात शेजारच्या राज्यांना करार करून संयुक्त मंडळ नेमता येतं. १९९६ च्या रासायनिक अपघात नियमांत केंद्रापासून स्थानिक पातळीपर्यंत क्रायसिस ग्रुप सांगितलेत. जिल्ह्याच्या ग्रुपनं दर ४५ दिवसांनी बसायचं असतं, स्थानिक ग्रुपनं महिन्यातून एकदा. प्रत्यक्षात बैठका किती होतात ते सोडा. पण एक गोष्ट तुमच्या कामाची आहे: स्थानिक ग्रुपमध्ये सरपंच किंवा गावचा प्रमुख घ्यायची तरतूद आहे, धोकादायक मालाचे वाहतूकदार घ्यायची तरतूद आहे, स्थानिक वर्तमानपत्राचा संपादकही. तुमच्या ग्रामपंचायत अध्यक्षांनी पत्र देऊन जागा मागावी. मिळाली की पहिल्याच बैठकीत पलीकडच्या काठाचा सरपंच पाहुणा म्हणून बोलवायचा ठराव मांडावा. बैठकीला पाहुणा बोलवायला कुणाची परवानगी लागत नाही.

बाहेरच्या देशांत हे कसं करतात असं तुम्ही शेवटी विचारलंय. मी तिकडं गेलेलो नाही, पण ट्रेनिंगमध्ये ऱ्हाईन नदीचं उदाहरण घासून घासून शिकवतात. १ नोव्हेंबर १९८६ ला स्वित्झर्लंडमध्ये बासेलजवळ रसायनांच्या गोदामाला आग लागली. आग विझवायला मारलेलं पाणी कीटकनाशकं घेऊन नदीत गेलं, नदी लाल झाली आणि खालच्या देशांपर्यंत मासे मेले. नदीत विष गेलं ते आग विझवण्यातून, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडंही बंब आला की पोरं टाळ्या वाजवतात, मोरीखाली काय वाहतंय ते कुणी बघत नाही. त्यानंतर ऱ्हाईनकाठच्या देशांनी इशारा केंद्रांची साखळी मजबूत केली. अमेरिका आणि मेक्सिकोनं १९८३ च्या ला पाझ करारात हद्दीच्या दोन्ही बाजूंचे शंभर-शंभर किलोमीटर हा एकच पट्टा धरला, आणि पुढं हद्दीवरच्या समोरासमोरच्या शहरांच्या जोड्या लावून त्या जोडीची एकत्र योजना केली. दोन देशांची एक योजना करण्यापेक्षा समोरासमोरच्या दोन गावांची करणं सोपं, हे त्यांनाही कळलं. तुमच्या बाबतीत जोडी नदीनंच लावून दिलीय.

आता ग्रामपंचायतीनं काय करायचं. एका कागदाची दोन पानं. एका पानावर नदीची रेघ काढा आणि तुमच्या पुलापासून पुढं दोन्ही काठांच्या जॅकवेल, बंधारे, मोठ्या उपसा योजना क्रमानं लिहा. प्रत्येकासमोर मोटर चालवणाऱ्या किंवा बंधाऱ्यावर राहणाऱ्या माणसाचा मोबाईल. अधिकाऱ्याचा नाही, बटण दाबणाऱ्याचा. आपल्याकडं पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) असतो, तिकडं ग्रामपंचायत अधिकारी (२०२४ पर्यंत ग्रामसेवक म्हणायचे) आणि पोलीस पाटील. दोन्हीकडची पदं वेगळी, म्हणून पदापेक्षा नाव लिहा. दुसऱ्या पानावर साधनं: कुठल्या कारखान्यात चुना आहे, फोम आहे, कुणाचा जेसीबी रात्री निघतो, बगॅस (उसाचा चोथा) कुठं मिळेल. आणि कागद मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्ही. आमच्या बाजूच्या कंट्रोल रूममध्ये बसलेला पोरगा हल्ली बऱ्याचदा धारवाडकडचा असतो, त्याला मराठीतलं "ओढा" कळत नाही, "हळ्ळ" म्हटलं की लगेच कळतं. याला सीमावाद मधे आणायचं कारण नाही.

वेळेचा हिशोब असा करा. पुलावरून काडी टाका, काठानं दहा मीटर अंतर मोजून ठेवा आणि काडीला किती सेकंद लागतात बघा. वीस सेकंद लागले तर पाणी तासाला सुमारे १.८ किलोमीटर चाललंय. बंधारा नऊ किलोमीटरवर असेल तर तुमच्या हातात पाच तास. हा आकडा फोनवर सांगता आला की समोरचा माणूस हलतो. "लवकर या" म्हटल्यानं कुणी हलत नाही, "पहाटे साडेपाचला तुमच्या जॅकवेलला पोचणार" म्हटलं की मोटर बंद होते. याच काडीनं आणखी एक कळतं. दहा मीटरला तीस सेकंदांपेक्षा कमी लागत असतील, तर नदीत आडवा बांधलेला तरंगता अडथळा टिकत नाही, तेल त्याच्या खालून निसटतं. मग तो तिरका बांधून तेल काठाला ओढावं लागतं.

पण खरं सांगायचं तर तेल नदीत गेल्यावर फार कमी जण ते परत काढू शकले. ते ओढ्यातच अडवायचं. जेसीबीनं ओढ्यात मातीचा बांध घाला आणि त्यात एक पीव्हीसी किंवा सिमेंटचा पाईप तिरका बसवा. पाईपचं वरच्या अंगाचं तोंड तळाशी बुडलेलं आणि खालच्या अंगाचं तोंड उंचावर. पाणी तळातून पाईपात शिरून पुढं जातं, तेल मागं डोहात साठतं. मी हे एकदा पेट्रोल पंपाच्या गळतीवर केलंय, तासाभराचं काम. वाळलेलं पाचट गोणपाटात भरून दोराला बांधलं तर तेल चांगलं धरतं. बगॅसही धरतो, पण तो पाणीही पितो आणि काही तासांत बुडतो, म्हणून तो सारखा बदलावा लागतो. भिजलेली पोती शेताच्या बांधावर टाकू नका, ती धोकादायक कचरा म्हणूनच गेली पाहिजेत. आणि हे सगळं डिझेलसाठी. पेट्रोल असेल तर जेसीबी जवळ नेऊ नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती ओढ्याच्या खोलगट भागात साचून राहते आणि इंजिनाची एक ठिणगी पुरते.

कॅन भरणाऱ्यांचं काय? गरिबाला दोष देऊन उपयोग नाही, पण डिझेल समजून पेट्रोल भरायला गेलेली माणसं मेल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात. माझा अनुभव असा की पोलिसांच्या काठीपेक्षा गावातल्या एका म्हाताऱ्यानं मोरीवर उभं राहून शिव्या दिल्या तर जास्त लोक परततात. तुमच्या कागदावर त्या म्हाताऱ्याचाही नंबर लिहा.

नमुन्याचंही विचारलंत. तुम्ही बाटलीत भरलेलं पाणी कोर्टात पुरावा होत नाही, त्यासाठी मंडळाच्या माणसानंच कायद्यानं सांगितल्याप्रमाणं नमुना घेऊन दोन भाग करून सील करावा लागतो. तरी भरून ठेवा, काचेच्या बाटलीत, वेळ आणि जागा लिहून. मंडळाचा माणूस येईपर्यंत नदी पुढं गेलेली असते, आणि त्याला कुठं आणि काय शोधायचं ते तुमच्या बाटलीवरून कळतं. पलीकडच्या काठाच्या लोकांनाही त्याच वेळेला एक बाटली भरायला सांगा, म्हणजे दोन्ही मंडळांच्या हातात एकाच नदीची एकच गोष्ट असेल.

सध्या एवढंच करा: या रविवारी दत्तवाडला किंवा तुमच्या समोर जे गाव असेल तिथं जा. सोयरीक असेलच, चहाला जा. येताना वॉटरमनचा नंबर आणि बंधाऱ्यावरच्या माणसाचा नंबर घेऊन या. आणि पुलावरच्या काडीचे सेकंद मोजून इथं लिहा, आताचे आणि जमलं तर बरगे काढल्यानंतरचेही. त्यावरून तुमच्या पुलासाठी पुढचा हिशोब मी मांडून देतो.